पाटणच्या डोंगरावरचा शेळीफार्म 55 लाखांना घ्यावा का?

प्रश्न: वय 49, पुण्यात नोकरी. गावच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. पाटण तालुक्यात डोंगरावर पाच एकर, जुनं कौलारू घर, गोठा आणि 40 शेळ्या 55 लाखांना मिळताहेत. घर दुरुस्त करून कृषी पर्यटन करायचंय. पीएफ धरून जवळ 70 लाख आहेत. घेऊ का?

उत्तर: या भावाला घेऊ नका.

आधी शेळ्यांचा हिशेब बघू. दोन वर्षांत तीन वेतं आणि वेताला सरासरी दीड करडू धरलं, तर वर्षाला 90 करडं होतात. मरतूक आणि कळपासाठी ठेवायच्या पाठी वजा जाता 68 विकली जातील. नगाला 8,000 धरले तरी साधारण साडेपाच लाख. गड्याचा पगार महिना 15,000 म्हणजे वर्षाला 1.8 लाख, शिवाय खुराक, औषधं, लसी, गोठ्याची डागडुजी मिळून दोन-सव्वादोन लाख. हातात दीड लाखाच्या आसपास उरतात. एवढ्यासाठी 55 लाख अडकवायचे? पैसे सात टक्क्यांनी ठेवीत राहिले तरी पावणेचार लाखांवर व्याज येतं. शिवाय शेळ्यांचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त नसतं. पर्यटकांकडून येणाऱ्या खोल्यांच्या भाड्याचंही तेच.

अनुदानाच्या भरवशावर राहू नका. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं 50 टक्के अनुदान किमान 100 शेळ्या आणि 5 बोकडांच्या प्रकल्पाला आहे, जमीनखरेदीला नाही.

जागा तुम्ही उन्हाळ्यात पाहिली असेल, तर ऐन जुलैत पुन्हा जा. कोयनेच्या पट्ट्यात शेळीला थंडीपेक्षा ओल मारते: खूर सडतात, जंत होतात, करडं न्यूमोनियानं जातात. गोठ्यात जमिनीपासून उंच फळ्यांचा माचा आहे का, लेंड्या खाली पडतात की शेळ्या चिखलातच बसतात, हे डोळ्यांनी बघा. घराचे वासे हातानं दाबून बघा. वाळवी लागली असेल तर दुरुस्तीचं तुमचं गणित पार कोलमडेल.

पर्यटनाचं उत्पन्न पहिली दोन वर्षं शून्य धरा.

तरीही मन तिथंच असेल (आणि डोंगराची ओढ मी समजू शकतो), तर पीएफला हात न लावता, दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवून जे उरेल तेवढ्यातच जमीन बसवा. मालकाला विचारा, एक पावसाळा फार्म भाड्यानं चालवायला देता का. इसार देण्याआधी वकिलाकडून तीन गोष्टी तपासून घ्या: जमीन वर्ग 1 (मोकळेपणानं विकता येणारी) आहे की 2 (विकायला सरकारी परवानगी लागणारी), सातबाऱ्यावरच्या इतर हक्कात खाजगी वनाची नोंद आहे का, आणि वर जायचा रस्ता कागदावर आहे की नुसत्या वहिवाटीचा.