हिरव्याचा पिवळा होण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेली जाहीर सूचना वाचली. तुमच्या शिवारातली १८ हेक्टर जमीन शेती विभागातून वगळून रहिवास विभागात घालायची आहे. नकाशात शेती हिरवी आणि रहिवास पिवळा, म्हणजे गावच्या भाषेत ग्रीनचा यलो. ग्रामसभेचा विरोधाचा ठराव झाला, दोनशे सह्या झाल्या, आता गाडी अडली असं तुम्हा मुलांना वाटतंय. ती अडलेली नाही. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्राबाहेर ग्रामसभेच्या ठरावाने झोनबदल थांबत नाही. ठराव फाइलला जोडला जातो, वजन देतो, इतकंच.

आधी सूचना कुठल्या कलमाखाली आहे ते बघ. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा मूळ कायदा. गावाला प्रादेशिक योजना लागू असेल तर बदल कलम २० खाली होतो, मंजूर विकास आराखडा असेल तर कलम ३७ खाली. पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २०२१ साली प्रसिद्ध केलेला प्रारूप आराखडा पुढे गुंडाळला गेला, म्हणून तुमच्याकडे पुणे प्रादेशिक योजनेचाच नकाशा चालतो आणि सूचना कलम २०(३) ची आहे. हरकतीची मुदत बहुधा राजपत्रात प्रसिद्धी झाल्यापासून एक महिना असते. वर्तमानपत्रात जाहिरात आली त्या दिवसापासून ती मोजू नका, तिथे आठवडा हातचा जातो.

ही मुदत एवढी महत्त्वाची का? कारण पुढे गावाला कुणी विचारत नाही. २० हजार चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकामाला २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मंजुरी लागते खरी, पण इमारती आणि टाउनशिप या वर्गाला त्याच अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे. बांधकाम परवानगीच्या वेळी तर हरकती मागवतच नाहीत. जे बोलायचं ते आत्ता बोलायचं. मंजुरीनंतर उरतं ते उच्च न्यायालय, आणि तिथेही पहिला प्रश्न येतो की मुदतीत काय हरकत घेतली होती.

आता कागद. सूचनेतले गट नंबर नीट लिहून घे. काही ठिकाणी जुने सर्व्हे नंबर छापलेले असतात आणि गावाला एकत्रीकरणानंतरचे गट नंबरच ठाऊक असतात, म्हणून आपला बांध लागून आहे हे लोकांच्या लक्षातच येत नाही. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गाव नकाशा आणि गटांचा नकाशा काढ. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घे. प्रत्येक गटाचा सातबारा आणि त्यावरच्या फेरफारांच्या नकला घे. सातबाऱ्यावर तीन गोष्टी बघ: भोगवटादार वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, इतर हक्कात कुळाचं किंवा बँकेचं नाव आहे का, आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, किती. पोटखराब्यात पुष्कळदा ओढा दडलेला असतो. गाव नकाशावर ओढ्याची रेघ असते, झोनबदल मागणाऱ्याच्या अर्जासोबतच्या नकाशात ती पुसट होते किंवा सरळ होऊन कडेला जाते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून ही एक गोष्ट दाखवता आली तर तुझी हरकत बाकी शंभर हरकतींच्या वर जाते.

छापील हरकतींचं सांगतो. एकाच मजकुराच्या चारशे प्रती दिल्या तरी अहवालात त्या एका ओळीत बसतात. 'विकासाला विरोध', 'शेतकरी देशोधडीला लागेल' अशा वाक्यांवर सुनावणी अधिकारी 'नोंद घेतली' यापलीकडे काही लिहू शकत नाही, कारण त्यात तपासण्यासारखं काहीच नाही. दहा जणांनी दहा वेगळ्या हरकती द्या. प्रत्येकीत गट नंबर हवा, एक मोजलेली गोष्ट हवी आणि शेवटी एक स्पष्ट मागणी हवी. अधिकाऱ्याला तिचं उत्तर द्यावं लागेल अशी.

पाण्याचं उदाहरण घे. १८ हेक्टरवर १,२०० घरं सहज बसतात. घरटी ५ माणसं धरली तर ६,००० लोक. शहरी मापाने माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे ८ लाख १० हजार लिटर. तुमचं गाव ३,००० वस्तीचं, जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने त्याला १ लाख ६५ हजार लिटर लागतं. नवी वसाहत जुन्या गावाच्या जवळजवळ पाचपट पाणी पिणार. ते कुठून आणणार, हे अर्जात लिहिलेलं असतं: 'ग्रामपंचायत / बोअर / टँकर'. दहा हजार लिटरचे टँकर धरले तर रोज ८१ खेपा, त्याही तुमच्याच रस्त्याने. बोअर घेतले तर खालच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यात आधी आटतील. म्हणून आसपासच्या विहिरींची पाणीपातळी आत्ताच दोरी सोडून मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. पुढे वाद झाला तर आधीची पातळी काय होती हे सांगणारी तीच वही. मागणी अशी लिही: शाश्वत स्रोताचं सक्षम प्राधिकरणाचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत बदल मंजूर करू नये.

वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे रोज साडेसहा लाख लिटरच्या आसपास. प्रक्रिया केंद्र कागदावर असतंच. पण ते चालवायचा वीजखर्च सोसायटीच्या गळ्यात पडला की यंत्र बंद होतं आणि पाणी ओढ्यात जातं. ओढ्याखाली कुणाची बागायत आहे, कुठल्या गटात, हे नाव-गटासह हरकतीत आलं पाहिजे.

पावसाचा हिशेबही सोपा आहे. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १८ हेक्टरवर ९० लाख लिटर पाणी येतं. शेतात त्यातलं एक तृतीयांश वाहून जातं असं धरलं तर ३० लाख. छपरं, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक झाल्यावर पाऊण हिस्सा वाहील, म्हणजे साडेसदुसष्ट लाख. ओढ्यावरच्या मोरीचा नळ मात्र तेवढाच. त्या नळाचा व्यास मोजून लिही. जवळ नदी असेल तर जलसंपदा विभागाकडून पूररेषा माग: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जमीन पाटाच्या लाभक्षेत्रात आहे का, हेही त्याच खात्याला विचार.

रस्त्यात मोठी फसगत होते. पोहोच रस्ता १२ मीटर दाखवलेला असतो आणि जागेवर १२ फुटी पाणंद असते. टेप घेऊन पाच ठिकाणी रुंदी मोज, फोटो काढ. पाणंद, शिवरस्ता आणि वहिवाटीची वाट कुंपणाआड जाणार असेल तर तीही गट नंबरासह नोंदव. पलीकडच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तिथूनच जातो.

एक गोष्ट जपून सांगतो. ज्यांनी जमीन दिली त्यांना गद्दार ठरवू नका. चार एकर कोरडवाहूवर मुलीचं लग्न आणि आजारपण निघत नाही, हे तुलाही माहीत आहे. पुरा विरोध टिकेल असं मला वाटत नाही. अटी मात्र टिकतात. कलम २०(४) च्या मंजुरीच्या अधिसूचनेत अटी छापल्या जातात, त्या पुढे प्रत्येक परवानगीत मागता येतात. म्हणून हरकतीत विरोधासोबत 'तरीही मंजुरी द्यायची झाल्यास' असं शीर्षक घालून अटी लिही: ओढ्याचा मूळ प्रवाह मोजणीप्रमाणे कायम ठेवावा, पाणंद खुली राहावी, पाण्याच्या स्रोताआधी काम सुरू होऊ नये, टँकरचा मार्ग गावठाणातून नसावा. या शीर्षकाने हरकत कमकुवत होते असं कुणी म्हणेल. होत नाही.

गावठाणाला लागून ठराविक अंतरापर्यंत शासनाला अधिमूल्य (प्रीमियम) भरून कलम २० शिवायही रहिवासी वापर मिळतो. ४० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या सलग जमिनीला एकात्मिक नगर वसाहतीची, म्हणजे मोठ्या टाउनशिपची, वेगळी वाट आहे. शेजारच्या जमिनींचे सौदे कोण करतंय यावर लक्ष असू दे. आज १८, पुढच्या वर्षी लगतचे २२ आले की हिशेब बदलतो.

हरकत दोन प्रतीत दे, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नको. ईमेल केला तरी प्रत हाताने दे. अर्जाच्या फाइलची प्रत माहितीच्या अधिकारात माग. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तराला ३० दिवस असतात, म्हणजे हरकतीच्या मुदतीत ती हातात येईलच असं नाही. तोवर कार्यालयात जाऊन नकाशा पाहून घे. सुनावणीच्या दिवशी दोन्ही नकाशे मोठे छापून ने, हजेरीवर सही कर, आणि तोंडी बोललास ते सगळं त्याच दिवशी लेखी देऊन त्याचीही पोच घे.

मोरीच्या नळाचा व्यास आणि पाणंदीची पाच मापं झाली की कळव, मसुदा एकदा बघून देतो.

तुझा,
काका