पहिला नंबर कुणाला तरी द्यावाच लागतो

दर जूनमध्ये माझं हेच होतं. एनबीएचा ड्राफ्ट जवळ आला की मेसेज सुरू, सर यंदाचा क्लास वीक आहे का, सर अमका फेल जाणार ना, सर आमच्या ग्रुपवर असं आलंय ते खरं का. पोरांना बास्केटबॉल शिकवणं हा माझा धंदा आणि ड्राफ्ट बघणं हे व्यसन, त्यामुळे उत्तर देतो, पण तेच तेच चाळीस जणांना वेगवेगळं टाइप करायचा आता कंटाळा आलाय. म्हणून या वेळी सगळं एकत्र. नवीन वाचकांसाठी एका ओळीत: एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिच्या टीम वर्षातून एकदा नवीन पोरं निवडतात तो ड्राफ्ट, हरलेल्या टीमना वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त, आणि त्या वर्षी निवडीला आलेल्या सगळ्या पोरांना मिळून 'क्लास' म्हणतात.

प्रश्न: आजवरचा सगळ्यात वीक क्लास कोणता? २०००, २०१३ की २०२४? आमच्या ऑफिसात यावरून भांडणं झालीत. (ठाणे)

२०००. यात भांडण्यासारखं काही नाहीये खरं तर.

त्या वर्षीचे पहिले पाच बघा: केन्यन मार्टिन, स्ट्रोमाइल स्विफ्ट, डेरियस माइल्स, मार्कस फायझर, माइक मिलर. यातली किती नावं तुमच्या ऑफिसातल्या पोरांना माहितीयेत? सगळ्या ५८ निवडींमधून ऑलस्टार (म्हणजे वर्षातल्या निवडक बेस्ट खेळाडूंच्या मॅचला निवडलेले) झाले तीन जण, मार्टिन, जमाल मॅग्लोअर आणि मायकल रेड, आणि गंमत म्हणजे तिघंही एकदाच आणि तेही एकाच वर्षी, २००४ ला. त्यानंतर परत कुणीच नाही. यातला रेड तर ४३ व्या नंबरवर गेला होता.

आता २०१३ वाले म्हणतील की आमच्याकडेही ऑलस्टार तीनच झाले. बरोबर, तीनच: यानिस आंतेतोकुंपो, रुडी गोबेर, व्हिक्टर ओलाडिपो. पण नुसती डोकी मोजून काय होतंय? यानिस दोनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), २०१९ आणि २०२०, वर २०२१ ला मिलवॉकीला चॅम्पियन केलं, शेवटच्या मॅचमध्ये ५० पॉइंट मारून. गोबेर चार वेळा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर. ज्या क्लासने हे दोन दिले त्याला सगळ्यात वीक म्हणणं म्हणजे पोळीची कड करपली म्हणून अख्खी पोळी टाकण्यासारखं आहे. २०१३ चं वरचं टोक करपलं होतं, एवढंच.

२००० मध्येही अगदीच दुष्काळ नव्हता बरं का. जमाल क्रॉफर्ड तीनदा बेस्ट सिक्स्थ मॅन (बेंचवरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम) झाला, हेदो तुर्कोग्लू १६ व्या नंबरवरून येऊन चांगला खेळला, मिलर पुढे मायामीबरोबर दोनदा चॅम्पियन झाला. कामाचे खेळाडू होते. ज्याच्यासाठी तिकीट काढून जावं असा कुणी नव्हता.

२०२४ बद्दल खाली बोलतो.

प्रश्न: रूकी ऑफ द इयर बघून क्लासचा अंदाज येतो का? (कोल्हापूर)

नाही. पहिला सीझन खेळणारा पोरगा म्हणजे रूकी, आणि त्यातल्या सगळ्यात भारी पोराचं हे बक्षीस. २०१३ च्या क्लासमधून ते मायकल कार्टर-विल्यम्सला मिळालं, आणि दुसऱ्याच सीझनमध्ये त्याच्या टीमने त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं.

प्रश्न: मी टेलिग्रामवर एका पेड ग्रुपला आहे, तिथले एक्स्पर्ट २०२४ ला 'दशकातला सगळ्यात खराब क्लास' म्हणतात. वीक आहे हे ठरवतं कोण? (पुणे)

पैसे किती भरता ते लिहिलं नाहीत, पण जेवढे भरता तेवढे वाया.

वीक म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. ड्राफ्टच्या आधी स्काउट लोक, म्हणजे टीमसाठी पोरं हेरणारे, जेव्हा वीक म्हणतात तेव्हा त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा एवढंच असतं की वर कुणी ठळक नाही, पहिल्यात आणि आठव्यात फार फरक दिसत नाही. म्हणजे वरचा भाग सपाट. पण ते पुढे सरकत सरकत तुमच्या ग्रुपवर येईपर्यंत त्याचं 'एकही पोरगा कामाचा नाही' होऊन जातं. दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत या. उलटंही होतं, २०१४ च्या क्लासचा आधीपासून केवढा गाजावाजा होता, विगिन्स, पार्कर, एम्बीड, आणि त्यातला सगळ्यात भारी निघाला निकोला योकिच, ४१ वा. एम्बीडही एमव्हीपी झाला म्हणा, पण ४१ व्या नंबरचा गाजावाजा कुणी केला होता?

२०२४ च्या बाबतीत सपाट हे खरं होतं. अटलांटाला लॉटरीत, म्हणजे वरचे नंबर ठरवायच्या सोडतीत, पहिला नंबर लागायची शक्यता फक्त ३ टक्के होती, तो लागला, आणि त्यांनी फ्रान्सचा झाकारी रिसाशे घेतला. दुसरा अ‍ॅलेक्स सार, तोही फ्रान्सचाच. रूकी ऑफ द इयर झाला चौथ्या नंबरचा स्टेफन कॅसल. आणि वर्षातल्या पाच सर्वोत्तम रूकींच्या यादीत कोण आलं, तर ३९ व्या नंबरचा जेलन वेल्स. आता सांगा यातून 'दशकातला सगळ्यात खराब' कसं निघतं? चार-पाच सीझन जाऊ द्यात. यानिसचा पहिल्या सीझनचा अ‍ॅव्हरेज ६.८ पॉइंट होता आणि गोबेरचा २.३. त्या आकड्यांवर तुमच्या एक्स्पर्टने काय लिहिलं असतं ते मला लिहून कळवा.

निदान एवढं करा, ग्रुपवर विश्वास ठेवायच्या आधी त्या पोराच्या दोन पूर्ण मॅच बघा, हायलाइट नव्हे, पूर्ण मॅच. आणि जवळपास कुणी जुना कोच असेल तर त्याच्या शेजारी बसून बघा.

प्रश्न: अँथनी बेनेट हा सगळ्यात मोठा फेल नंबर वन ना? क्लीव्हलँडवाले एवढे मूर्ख कसे? (नाशिक, आणि याच अर्थाचे अजून अकरा मेसेज)

बसा. चहा घ्या. याला वेळ लागणार आहे.

२०१३ चा ड्राफ्ट मी पहाटे उठून बघितला होता, मांडीवर वही. ती वही अजून आहे. पहिल्या नंबरसमोर मी नर्लन्स नोएलचं नाव आधीच लिहून त्याला गोल केला होता, कारण बऱ्याच अंदाजांत त्याचं किंवा अ‍ॅलेक्स लेनचं नाव वर होतं. क्लीव्हलँडने बेनेटचं नाव घेतलं आणि मी गोलावर काट मारली, ती इतक्या जोरात की पान फाटलंय. आणि त्याच पानावर खाली १५ नंबरसमोर काय लिहिलंय माहितीये? "ग्रीक. हात लांब. फारच बारीक. नाव ऐकू आलं नाही." तर मूर्ख कोण याची यादी करायची असेल तर मला पण त्यात घाला, आणि यानिसला सोडून देणाऱ्या चौदा निवडींना पण. तो तेव्हा ग्रीसच्या सेकंड डिव्हिजनमध्ये खेळत होता.

आता बेनेट. हा मुलगा ड्राफ्टला आला तेव्हा त्याच्या खांद्याचं ऑपरेशन होऊन काही आठवडे झाले होते. म्हणजे ज्या उन्हाळ्यात बाकीचे रूकी समर लीग (सीझनआधीच्या सरावाच्या मॅच) खेळून हात बसवत होते त्यात हा घरी. त्यामुळे वजन वाढलं. दम्याचा त्रास होता, झोपेत श्वास अडकायचा, त्याचं ऑपरेशन पुढे २०१४ मध्ये झालं. म्हणजे अख्खा पहिला सीझन हा पोरगा नीट न झोपता खेळला, आणि आपण इथे सोफ्यावर बसून म्हणत होतो की याच्यात दमच नाही! पहिल्या चार मॅचमध्ये त्याचा एकही शॉट पडला नाही. त्यात क्लीव्हलँडकडे त्याच जागेवर ट्रिस्टन थॉम्प्सन आधीच होता, तोही चौथ्या नंबरवर घेतलेला. वर्षभरात विगिन्सबरोबर मिनेसोटाला रवानगी, बदल्यात केव्हिन लव्ह आला, जो २०१६ च्या चॅम्पियन टीममध्ये होता. चार टीम, १५१ मॅच, ४.४ चा अ‍ॅव्हरेज, संपलं.

फेल गेला का? हो, गेला, मी काही त्याचा वकील नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणी ऐकत नाही. चांगल्या वर्षात तो सातवा-आठवा गेला असता, कुठल्यातरी बेंचवर दोन वर्षं शांतपणे शिकला असता, आणि आज त्याचं नाव कुणाला आठवलंही नसतं. वीक वर्षात वरची जागा रिकामी असते आणि ती रिकामी ठेवता येत नाही, कुणाला तरी बसवावं लागतं. मग नंबर एकचा पगार, नंबर एकची अपेक्षा आणि नंबर एकच्या शिव्या हे सगळं त्या वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर. क्लास वीक होता हे सगळे मान्य करतात, पण त्या क्लासच्या पहिल्या पोराला मोजतात मात्र लेब्रॉन जेम्ससारख्या दिग्गजाच्या पट्टीने. हा कुठला न्याय? वर्गात सगळ्यांना पन्नासच्या आत मार्क पडले तरी कुणीतरी पहिला येतोच ना, मग त्याला बोर्डात का नाही आलास म्हणून कुणी झोडपतं का?

आणि दुखापत. सगळ्यात जास्त मला यावर बोलायचंय. नोएलच्या गुडघ्याचं लिगामेंट त्या फेब्रुवारीत फाटलं होतं, तो पुढचा अख्खा सीझन एकही मॅच खेळला नाही. म्हणजे २०१३ च्या वरच्या सहा पोरांपैकी निदान दोन तर ड्राफ्टच्या दिवशी दवाखान्यातून आलेले. मग क्लास वीक होता की आजारी होता? एखादा पोरगा खेळत नाहीये असं दिसलं की आधी त्याच्या शरीराचं विचारा, मग टॅलेंटचं काढा. मी माझ्या पोरांच्या बाबतीत हाच नियम ठेवलाय आणि पालकांशी माझी सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात.

प्रश्न: आम्ही एडिसनला राहतो, ह्यांचं नेट्सचं वेड जुनं आहे. वीक वर्षात पहिला नंबर लागला तर टीमने तो विकून टाकावा का? (न्यू जर्सी)

ताई, २००० ला पहिला नंबर तुमच्या नेट्सचाच होता! मार्टिनचा पाय त्या मार्चमध्येच मोडला होता, तरी घेतला. पुढे जेसन किडसारखा तगडा खेळाडू आला आणि टीम २००२ आणि २००३, दोन्ही वर्षी फायनलला गेली. यजमानांना विचारा, ते रात्रभर सांगतील.

विकायचं म्हटलं तर घेणारा पण पाहिजे ना. क्लास वीक आहे हे सगळ्या तीस टीमना कळतं, मग भाव कोण देणार. आणि पहिल्या राउंडच्या पोरांचा पगार नंबरवरून ठरलेला असतो, पोराच्या वकुबावरून नाही, म्हणजे वीक वर्षातला पहिलाही पहिल्याचाच पगार घेतो. त्यामुळे चौथ्या-पाचव्याला सरकून एखादा चांगला खेळाडू पदरात पडत असेल तर सरकावं असं मला वाटतं, पण ते टीमचे डॉक्टर आणि हिशेब बघणारे यांना विचारूनच, माझ्यासारख्या नागपूरच्या माणसाला विचारून नाही.

प्रश्न: २०२४ च्या पोरांची रूकी कार्डं आत्ता स्वस्त आहेत, विकणारा म्हणतो पाच वर्षांत दहापट. घेऊ का? (बोरिवली)

त्याला विचारा, दहापट होणार आहे तर तू का विकतोयस? आवड म्हणून एखादं घ्या. गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल तर तुमच्या सीएला विचारा, आणि तो हसला तर माझ्यावर रागवू नका.

प्रश्न: सतनाम सिंग निवडला गेला कारण २०१५ चा क्लास वीक होता, असं ऐकलं. खरं का? (छत्रपती संभाजीनगर)

कुणाकडून ऐकलं? २०१५ ला टाउन्स, पोर्झिंगिस, १३ व्या नंबरवर डेव्हिन बुकर. वीक कुठून आला? पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम ५२ व्या नंबरवर डॅलसने घेतला, एवढ्या खालच्या नंबरवर टीम उंची आणि शक्यता बघून नशीब आजमावतात, कुठल्याही वर्षी. एनबीएची मॅच त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. पण भारतात जन्मलेला पहिला निवडलेला तो, ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

प्रश्न: मुलगा पंधरा वर्षांचा, उंची सहा फूट चार इंच. एका अकादमीवाल्याने सांगितलं की पुढचे क्लास वीक असणार आहेत, आत्ता आमचा दोन वर्षांचा कोर्स केला तर ड्राफ्टपर्यंत नेऊ. फी बरीच आहे. चार महिन्यांपासून गुडघा दुखतोय पण वाढीचं वय आहे म्हणून प्रॅक्टिस चालू ठेवलीये. काय करावं? (सांगली)

चार महिने?

दादा, अकादमीचं नंतर बोलू. पंधरा वर्षांच्या पोराचा क्लास कसा असेल हे आत्ता जगात कुणालाही सांगता येत नाही, आणि एनबीएच्या ड्राफ्टपर्यंत 'नेतो' म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोय, ते नेणं कुठल्याच कोर्सच्या हातात नाही. फी भरली नसेल तर भरू नका, भरली असेल तर पावती काढून ठेवा आणि तुमच्या जिल्हा संघटनेत चौकशी करा की हा माणूस कोण.

आणि गुडघा. वाढीच्या वयात उंच पोरांचे गुडघे दुखतात हे खरं आहे, बऱ्याचदा साधंच असतं, पण साधं आहे की नाही हे मी ठरवायचं नाही, तुम्ही नाही, आणि अकादमीवाल्याने तर नाहीच नाही. उद्या सकाळी ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे जा. परवा नाही, उद्या. तोपर्यंत उड्या बंद, पळणं बंद, फार तर फ्री थ्रो मारू दे. ते काय सांगतात ते मला लिहून पाठवा, मग बाकीचं बोलू.

प्रश्न: ड्राफ्ट आपल्याकडे किती वाजता दिसतो? (लातूर)

पहाटे साडेपाचच्या सुमारास. वही घेऊन बसा.