पशुपालकांचे प्रश्न : शर्यतीनंतर बैलाचे बळ कुठे जाते?

प्रश्न : आमच्या दावणीला शर्यतीचे दोन बैल आहेत. घाटातली बारी (शर्यतीच्या धावपट्टीवरची एक धाव) काही सेकंदांत संपते, तरीही यात्रेहून परतल्यावर बैल दोन-तीन दिवस मलूल राहतात आणि पुन्हा लगेच पळवले तर पहिल्यासारखा वेग देत नाहीत. दूध, अंडी, गूळ, कणीक असा खुराक चालू आहे. तरी बळ कमी का पडते?
– एक गाडामालक, जुन्नर तालुका

उत्तर : एका बारीने निरोगी बैलाच्या अंगातला ऊर्जेचा साठा रिकामा होत नाही. तो उतरतो बारीच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांत, आणि माझ्या मते गाडामालकांचे सर्वांत कमी लक्ष तिथेच असते.

जनावराच्या शरीरात तातडीच्या वापराची ऊर्जा ग्लायकोजेन या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवलेली असते. यकृतातला साठा गावच्या विहिरीसारखा सगळ्यांचा असतो, म्हणजे गरज पडेल तसे त्याचे ग्लुकोज होऊन रक्तावाटे सर्व अवयवांना पोहोचते. स्नायूतला साठा मात्र घरातल्या रांजणासारखा ज्याचा त्याने वापरायचा, कारण तो परत रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) स्नायूत नसते. चांगले पोसलेल्या बैलाच्या स्नायूत हा साठा वजनाच्या साधारण 1 ते 1.5 टक्के असतो. उपाशी ठेवल्यास यकृतातला साठा झपाट्याने उतरतो, पण नुसत्या उपासाने स्नायूतला फारसा हलत नाही. तो हलवतात दोन गोष्टी, जोराची हालचाल आणि भीती.

भीतीचे काम पुष्कळांना पटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जनावर बिथरले की मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात येते आणि स्नायूतले ग्लायकोजेन फोडण्याची आज्ञा देते, मग बैल पाऊलभरही चालला नसला तरी चालते. आता यात्रेचा दिवस आठवून पाहा. पहाटे टेम्पोत चढवताना ओढाताण, वाटेत प्रत्येक वळणाला तोल सावरण्यासाठी ताणलेले पाय, उतरल्यावर चैत्र-वैशाखाचे ऊन, कानाशी ढोल आणि भोंगा, शेजारी अनोळखी बैल. अनोळखी नर एकत्र बांधले की ते ढुसण्या देतात, एकमेकांवर चढू पाहतात. गोवंशाच्या स्नायूंतला साठा सर्वांत वेगाने खाली आणणाऱ्या कारणांत याची गणना होते. अशा दिवसात बारीचे काही सेकंद हा खर्चाचा लहानसाच भाग ठरतो.

साठा भरून यायला लागणारा वेळ हा याहून मोठा मुद्दा आहे. माणसाने भात-भाकरी खाल्ली की तिच्यातला स्टार्च पचून ग्लुकोज थेट रक्तात येते आणि साधारण दिवसभरात स्नायू बऱ्यापैकी भरतात. बैलाचे तसे नाही. त्याने खाल्लेला चारा-दाणा कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव आधी आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांपैकी मुख्यतः प्रोपिओनिक आम्लापासूनच यकृताला ग्लुकोज बनवता येते. एवढ्या वळणाच्या वाटेमुळे पूर्ण उतरलेला साठा भरायला कित्येक दिवस, कधी आठवडा किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, तोही बैल पोटभर खात असेल आणि निवांत असेल तर.

म्हणून गूळ-कणकेचा मारा करून ही वाट आखूड होत नाही. उलट एकदम जास्त दिलेला गूळ किंवा पीठ कोठीपोटात फार वेगाने आंबते, तिथली आम्लता वाढते, रवंथ थांबते आणि बैल आणखी खालावतो. प्रसंगी जिवावरही बेतते. चांगल्या प्रतीचा हिरवा मका किंवा कडवळ, कडबा, आणि दाण्याचे प्रमाण हळूहळू वाढवत नेलेले, हा खरा खुराक. टेम्पोत नेहमीचा जोडीदार बैल शेजारी असू द्या, यात्रेच्या जागी सावली आणि पाणी आधी पाहा, अनोळखी बैलांपासून अंतर ठेवा. दोन शर्यतींत किमान आठवडाभर विश्रांती द्यावी, आणि त्यानंतरही बैल रवंथ करताना निवांत दिसत नसेल तर त्याला नेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 18 मे 2023 रोजी या शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला आहे. त्यामुळे बैलाच्या हालांची जबाबदारी आता पूर्णपणे आपणा मालकांवर आहे.

प्रश्न : चाकणच्या बाजारातून नेलेल्या आमच्या बोकडांचे मटण काळपट, चिकट निघते आणि लवकर खराब होते, अशी तक्रार आली. बोकड तर निरोगी होते.
– एक शेळीपालक, शिरूर तालुका

उत्तर : आजार नसतानाही असे घडते. कत्तलीनंतर स्नायूतल्या ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्ल होते आणि मांसाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) 7 च्या आसपासवरून 5.5 पर्यंत उतरतो. त्यानेच रंग खुलतो आणि जंतूंची वाढ मंदावते. धावपळीत साठा आधीच संपला असेल तर आम्ल पुरेसे बनत नाही, सामू 6 च्या वर राहतो, मांस पाणी धरून ठेवते आणि काळपट, चिकट दिसते. शेळी मुळात बुजरी, त्यामुळे तिच्यात हे अधिक आढळते. काठीने हाकणे, पायाला धरून ओढणे, वेगवेगळ्या कळपांचे बोकड एका गाडीत कोंबणे टाळावे. बाजारानंतर रात्रभर पाणी आणि शांतता दिली तर पुढची घट थांबते, मात्र गेलेला साठा एका रात्रीत परत येत नाही, तेव्हा काळजी गोठ्यातून निघतानाच घ्यायला हवी.

प्रश्न : गाड्यापुढे पळणाऱ्या घोडीलाही बैलाइतकीच विश्रांती लागते का?
– एक वाचक, आंबेगाव तालुका

उत्तर : घोडीचा साठा बैलापेक्षा लवकर, साधारण दोन-तीन दिवसांत भरतो. परंतु विश्रांतीच्या दिवसांत तिचा दाणा कमी करा. काम बंद आणि दाणा पूर्ण, असे काही दिवस गेल्यावर एकदम पळवलेल्या घोडीचे मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक होतात, तिला घाम फुटतो आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. असे दिसले तर तिला एक पाऊलही चालवू नका, जागेवरच पाणी द्या आणि पशुवैद्यकाला तिथेच बोलवा, कारण स्नायू फुटून रक्तात आलेले रंगद्रव्य मूत्रपिंडे निकामी करू शकते.