इंजिनाशिवाय पायलट कसे घडले?

प्रश्न: इंजिनच नसलेल्या ग्लायडरवर लष्करी पायलट कसे काय तयार व्हायचे?

उत्तर: जर्मनीचंच बघा ना, १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने त्यांना हवाई दल ठेवायलाच बंदी केली, मग १९२० पासून पोरं वासरकुप्पे डोंगरावर ग्लायडर उडवायला लागली आणि पुढे लुफ्तवाफेचे, म्हणजे जर्मन हवाई दलाचे, कितीतरी पायलट यातूनच आले. त्यातलं १९३८ चं एसजी-३८ हे शिकाऊ ग्लायडर मला फार भारी वाटतं, कॉकपिट नाही, काच नाही, लाकडी सांगाड्यावर उघडी सीट आणि हातात दांडा. सीट एकच, म्हणजे शिकवणारा खाली जमिनीवर! सोबतची पोरं रबरी दोर ताणत उतारावरून पळायची आणि मागून शेपूट सोडली की ग्लायडर गलोलीतल्या खड्यासारखं सुटायचं. सुरुवातीला नुसतं जमिनीवर घसरत पंख सरळ ठेवायला शिकायचं, उंची नंतर.