‘सामासिक अंतर’ म्हणजे नेमके कोणते अंतर?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या घरबांधणी नियमांचा मराठी अनुवाद करताना ‘फायर सेपरेशन डिस्टन्स’ला, म्हणजे आगीच्या धोक्यासाठी भिंतीपासून हद्दीपर्यंत मोजायच्या अंतराला, ‘सामासिक अंतर’ म्हणता येईल का? आणि या शब्दात समास कुठून आला?

आधी समास. हा व्याकरणातला समास नव्हे. वहीच्या पानावर उभी रेघ मारून कडेला जी जागा कोरी ठेवतात, तो हा समास. प्लॉट हे पान, घर हा मजकूर, आणि हद्दीलगत सोडायची जागा म्हणजे समास. ‘मार्जिनल डिस्टन्स’ला इतका चपखल मराठी शब्द क्वचितच मिळाला असता. तो ‘सामाईक अंतर’ असा मात्र लिहू नये, कारण तिथे अर्थच उलटतो: सामाईक भिंत दोन शेजाऱ्यांची मिळून एक असते, म्हणजे मध्ये अंतर उरतच नाही.

तरीही या अनुवादात ‘सामासिक अंतर’ चालणार नाही. ते नगररचनेचे अंतर आहे. उजेड, वारा आणि वावर यांसाठी ते सोडावेच लागते, आणि न सोडल्यास बांधकाम नियमबाह्य ठरते. फायर सेपरेशन डिस्टन्स हा बांधकाम संहितेचा विषय आहे. ते कमी भरले तर बांधकाम थांबत नाही, भिंत वेगळ्या प्रकारे बांधावी लागते. त्यामुळे ‘अग्निसुरक्षा अंतर’ म्हणावे. ‘अग्नि’ आणि ‘अंतर’ यांचा संधी करून होणारे ‘अग्न्यंतर’ वाचताना अडखळायला होते.

अमेरिकेतल्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या घरबांधणी संहितेनुसार, स्प्रिंकलर (आग लागताच पाणी फवारणारी यंत्रणा) नसलेल्या घराची बाहेरची भिंत हद्दीपासून 5 फुटांच्या आत असेल तर तिची अग्निरोधकता एक तासाची हवी, आणि तीही दोन्ही बाजूंनी आग लागेल असे धरून. इथे चूक हमखास होते. आतल्या बाजूला 5/8 इंची टाइप-एक्स (आगीला जास्त वेळ टिकणारा) जिप्सम बोर्ड लावतात आणि बाहेरची बाजू तशीच सोडतात, पण शेजारच्या घराची आग बाहेरूनच येते. ‘एक तासाची भिंत’ याचा अर्थ ती तासभर जळते असा नाही, प्रमाणित चाचणीत ती तासभर आग थोपवते असा आहे. अनुवादात हे उलटे होऊ देऊ नका.

हे अंतर भिंतीच्या पृष्ठभागापासून काटकोनात मोजतात, आणि ते कुंपणापर्यंत नव्हे, हद्दीच्या रेषेपर्यंत. कुंपण हद्दीवरच असते असे नाही. समोर रस्ता असेल तर त्याच्या मध्यरेषेपर्यंत, आणि एकाच प्लॉटवर दोन इमारती असतील तर त्यांच्यामध्ये मानलेल्या काल्पनिक रेषेपर्यंत मोजायचे. हद्द तिरकी असेल तर एकाच भिंतीचा एक भाग 5 फुटांच्या आत आणि दुसरा बाहेर असू शकतो.

छपराच्या पुढे आलेल्या कडेसाठी वेगळी अट आहे. ती हद्दीपासून 2 फुटांच्या आत येऊ द्यायची नाही. 2 ते 5 फुटांच्या पट्ट्यात खालून, म्हणजे वळचणीच्या बाजूने, एक तासाची अग्निरोधकता लागते. ‘वळचण’ हा शब्द इथे नेमका बसतो, तो वापरावाच.

उरला ‘ओपनिंग’. नकाशांच्या मराठीत ‘मोकळी जागा’ म्हणजे न बांधलेली जमीन, म्हणून ओपनिंगला ‘मोकळी जागा’ म्हटले की नियमाचा अर्थच बदलतो. सरळ ‘दारे, खिडक्या व झरोके’ लिहावे. भिंत हद्दीपासून 3 फुटांच्या आत असेल तर ते अजिबात चालत नाहीत, आणि 3 ते 5 फुटांच्या दरम्यान त्या भिंतीच्या क्षेत्रफळाच्या जास्तीत जास्त 25 टक्के ठेवता येतात. स्थानिक प्रशासनाने संहितेत फेरबदल केले असतील तर अनुवाद त्याच आवृत्तीचा करावा.