लहान फ्लॅटमधल्या देवघराने खचलेल्या मनाला आधार मिळतो का?

वडिलांच्या निधनानंतर खचलेले मन देवघरासमोर बसल्याने सावरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवात ते सावरते, मात्र मांडणीपेक्षा रोजच्या कृतीमुळे. षोडशोपचार, म्हणजे 16 उपचारांची पूजा, झेपत नसेल तर गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य हे पंचोपचार पुरेसे आहेत. वात वळताना, ताम्हनात मूर्तीला स्नान घालताना आणि सहाणेवर चंदन उगाळताना हात व लक्ष एकाच कामात गुंततात, श्वास संथ होतो आणि दुःखाला दिवसातली एक ठरलेली वेळ मिळते. ठाण्यातील आमच्या घरात देवघर म्हणजे फ्रीजशेजारची एक फळी आहे. आदल्या संध्याकाळी जांभळी नाक्यावरून आणलेला झेंडू सकाळी तिथे वाहतो, एवढाच आमचा थाट. वडिलांची तसबीर देवांच्या रांगेत न ठेवता वेगळ्या भिंतीवर लावण्याची रीत अनेक घरांत आहे. ती मला योग्य वाटते. झोप आणि भूक उडालेलीच राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे. निरांजन तेव्हाही लावता येते.