नाव ‘पडलं’ की ‘दिलं’?

प्रश्न असा आला आहे: ‘अंटार्क्टिकातल्या त्या ज्वालामुखीला एरेबस हे नाव पडलं’ हे वाक्य बरोबर आहे का? माझ्या मते इथे ‘पडलं’ नको, ‘दिलं’ हवं.

नाव पडतं ते लोकांच्या तोंडून. माणसं एखाद्या जागी राहतात, ये-जा करतात, तिला काहीबाही म्हणू लागतात आणि तेच रूढ होतं. आपल्याकडची वडगावं, पिंपळगावं अशीच. उत्तर ध्रुवाकडे इन्युइट लोकांची नावंही याच जातीची. इकालुइट म्हणजे जिथे मासे मुबलक मिळतात ती जागा. मधल्या काळात कॅनडाच्या नकाशावर हे गाव ‘फ्रोबिशर बे’ होतं, १५७६ साली तिकडे गेलेल्या इंग्रज दर्यावर्दीवरून. १९८७ मध्ये इन्युइट नाव अधिकृत झालं, याचा मला फार आनंद वाटतो.

अंटार्क्टिकात मात्र वस्तीच नव्हती. तिथे नावं जहाजांतून आली. १८४० मध्ये द्युमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच कप्तानाने किनाऱ्याला बायकोचं नाव दिलं, अदेली. पुढे पेंग्विनच्या एका जातीलाही तेच लागलं. १८४१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस या ब्रिटिश कप्तानाने आपल्या दोन जहाजांची नावं दोन पर्वतांना दिली, एरेबस आणि टेरर. देणारे अनेक, म्हणून नावंही अनेक: ब्रिटिशांचं किंग जॉर्ज बेट अर्जेंटिनाच्या नकाशात ‘२५ मे’ आहे, तर रशियन नकाशात ‘वॉटर्लू’. आपलं ‘दक्षिण गंगोत्री’सुद्धा दिलेलंच, १९८३-८४ मध्ये उभारलेल्या तळाला. तो तळ पुढे बर्फाखाली गेला, पण तिथल्या एका हिमनदीलाही हेच नाव आहे. गंगोत्री हे नाव हिमनदीला किती शोभतं!

एका बेटाच्या बाबतीत मात्र मी ‘पडलं’च लिहीन. १९१२ च्या हिवाळ्यात रॉबर्ट स्कॉट या ब्रिटिश दर्यावर्दीच्या अंटार्क्टिक मोहिमेतले सहा जण तिथे अडकले. न्यायला येणारं जहाज बर्फामुळे पोचलंच नाही. बर्फात कोरलेली गुहा, सीलच्या चरबीवर पेटवलेली चूल, त्या धुराने काळीठिक्कर पडलेली तोंडं, खायला सील आणि पेंग्विन. तिथे राहिलेल्या या माणसांच्या तोंडूनच त्या बेटाला नाव पडलं, इनएक्स्प्रेसिबल. शब्दकोशात ‘अवर्णनीय’ सापडेल, पण तो शब्द आपण सूर्यास्तालाही वापरतो. इथे आपलं ‘सांगता सोय नाही’ हेच नेमकं बसतं.